निसान फिगारो रोजच्या वापरासाठी घ्यावी का? घेताना नेमके काय तपासावे?

चाफेकळी (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली चौदा वर्षे रेडिंगजवळ राहतो. घरातली मोठी गाडी यजमान कामावर नेतात, त्यामुळे मला शाळेत शिकवायला जाण्यासाठी दुसरी लहान गाडी हवी आहे. जाऊन-येऊन अकरा मैलांचे अंतर आहे आणि सगळा रस्ता गावातलाच आहे. महिन्यातून एकदोनदा मात्र लंडनला लेकीकडे जाणे होईल.

चारचौघी घेतात तशी एखादी साधी हॅचबॅक घेऊन मोकळे व्हायचे ठरले होते, पण मागच्या आठवड्यात जवळच्याच एका विक्रेत्याकडे १९९१ सालची फिकट निळसर फिगारो पाहिली आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणत्याही गाडीकडे मन वळत नाही. मी ती वीस मिनिटे चालवली. पांढऱ्या डॅशबोर्डावरच्या गोल तबकड्या, बोटाने वरखाली करायची छोटी बटणे आणि डोक्यावरचे उघडे आकाश हे सगळे पाहून मला लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून फिरवलेल्या रेडिओच्या खुंट्या आठवल्या. हौसेला मोल नसते हे खरे, पण पगार शिक्षिकेचा आहे आणि गाडी साधारण पस्तीस वर्षांची आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. एवढ्या जुन्या, केवळ जपानसाठी बनवलेल्या गाडीचे सुटे भाग इथे मिळतात का? तिचे इंजिन रोजच्या वापरात टिकेल का? आणि माझ्यासारख्या, यंत्रातले फारसे न कळणाऱ्या माणसाने पाहायला गेल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी काय तपासावे? विक्रेता म्हणतो की गाडी खालून नुकतीच नव्याने रंगवली आहे. ही चांगली गोष्ट समजावी का?

रॅम्पवाला (कोव्हेंट्री)

चाफेकळीताई, माझ्याकडे अकरा वर्षांपासून हिरव्या रंगाची फिगारो आहे आणि ती मी पावसात आणि थंडीतही चालवतो, त्यामुळे पुढे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

आपण आधी इंजिनाबद्दल विचारले आहे. माझे मत असे की या गाडीचा सौदा इंजिनावर न ठरवता पत्र्यावर ठरवावा. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन ही सगळी मंडळी पहिल्या पिढीच्या निसान मार्चची आहेत. तीच गाडी युरोपात मायक्रा या नावाने, के१० या पिढीत, खूप विकली गेली. त्यामुळे नेहमी झिजणारे बरेचसे भाग अजून मिळतात आणि फिगारोचेच काम करणारी गॅरेजेसही या देशात आहेत. बाहेरचा पत्रा, क्रोमच्या पट्ट्या आणि छताची यंत्रणा मात्र फक्त याच गाडीसाठी, एकाच वर्षापुरती, सुमारे वीस हजार गाड्यांना पुरेल इतकीच बनवली गेली. बिघडलेले इंजिन चांगला मेकॅनिक दोन आठवड्यांत उभे करील. कुजलेली सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी) आणि मागच्या चाकांच्या कमानी नव्याने घडवून घ्यायला गेलात, तर नाकापेक्षा मोती जड होईल.

आता खालून नव्याने रंगवल्याबद्दल. माझ्या मते ही काळजीची गोष्ट आहे, निदान तोवर, जोवर विक्रेता रंगवण्याआधीचे फोटो दाखवत नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसते आणि आतून खाते. काळे जाड डांबरी लेपन चांगल्या पत्र्यावर दिले तर संरक्षण करते, पण गंजलेल्या पत्र्यावर दिले तर ओल आत कोंडून ठेवते आणि वरून सगळे छान दिसते. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेता रॅम्पवर न्यायला तयार नसेल, तर तिथेच नमस्कार करून परत यावे.

आपण स्वतः पाहू शकाल अशा गोष्टी सांगतो. माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज चालवत. जुनी गाडी विकायला आली की ते बॉनेट उघडण्याआधी पायाखालची मॅट उचलून कार्पेटच्या खाली हात घालत आणि हाताचा वास घेत. आपणही तेच करावे. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटपुढचे कार्पेट कोपऱ्यातून उचलावे, खालच्या फेल्टवर तळहात दाबावा. हात ओला झाला किंवा कुबट वास आला, तर पाणी कुठून तरी आत येते आहे.

बहुतेक वेळा ते येते छताकडून. या गाडीचे छत पूर्ण कन्व्हर्टिबलसारखे नाही. दारांवरच्या चौकटी जागेवरच राहतात आणि मधले कापड तेवढे मागे सरकते, जुन्या फियाट ५०० किंवा सित्रोएन टूसीव्ही या गाड्यांसारखे. पुढच्या काचेवरच्या कड्या सोडायच्या, मागचे पत्र्याचे झाकण उचलायचे, कापड मागच्या काचेसह त्या पोकळीत उतरवायचे आणि झाकण लावायचे. सगळे हाताने करायचे काम आहे. त्या पोकळीच्या कडेने पाणी वाहून नेणारी पन्हळ असते आणि तिच्यात पाने, धूळ, शेवाळ साचून तोंड बुजते. माझी गाडी पहिल्या हिवाळ्यात बर्चच्या झाडाखाली उभी असे. फेब्रुवारीत मागचे कार्पेट उचलले तर खाली बोटभर पाणी होते आणि कोपऱ्यातल्या पत्र्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले होते. निष्काळजीपणा माझाच होता. पन्हळ साफ करायची असते हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा आपण जाताना पाण्याची बाटली न्यावी, छत उघडवून त्या पन्हळीत कपभर पाणी हळूहळू ओतावे आणि गाडीखाली वाकून पाहावे. पाणी जमिनीवर टपकले तर ठीक. टपकले नाही, तर ते गाडीच्या आत कुठेतरी गेले.

दुसरे साधन म्हणजे फ्रिजवर लावतो तसले पातळ लोहचुंबक. रुमालात गुंडाळून ते मागच्या चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडांवरून आणि सिलवरून फिरवावे. जिथे पकड अचानक सुटते तिथे पुट्टी भरलेली असते. पुढच्या चाकांवरचे मडगार्ड मात्र मुळातच प्लॅस्टिकचे आहेत. तिथे चुंबक चिकटले नाही म्हणून घाबरू नये. पुढच्या काचेचे खालचे दोन्ही कोपरेही निरखून पाहावेत, रंगाखाली फोड आले असतील तर ते दिसतातच.

गाडीची नंबरप्लेट सरकारी संकेतस्थळावर टाकली की आजवरच्या एमओटी, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक, तपासण्यांचा इतिहास फुकट वाचायला मिळतो. गाडी ‘पास’ झाली एवढे पाहून थांबू नये, खालच्या सूचना वाचाव्यात. तीन वर्षे ओळीने गंजाची सूचना असेल आणि चौथ्या वर्षी ती नाहीशी झाली असेल, तर मधल्या काळात वेल्डिंग झाले की नुसता लेप बसला, हे विक्रेत्याला पावती मागून विचारावे. अंतराचे आकडे वाचताना मैल आणि किलोमीटर यांचा घोळ होऊ शकतो, कारण गाडी मुळात किलोमीटरची आहे आणि इथे आल्यावर कोणी मीटर बदलतो, कोणी नुसती तबकडी.

इंजिनाविषयी थोडक्यात लिहितो. ९८७ सीसीचे, टर्बो असलेले, ७६ अश्वशक्तीचे हे इंजिन ८१० किलोच्या गाडीला गावात पुरून उरते. त्याचा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे एकदा जरी फार तापले तरी हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले सील) जाऊ शकते, म्हणून रेडिएटर आणि कूलंट यांत हयगय नको. पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन गार ठेवायला सांगावे. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा फिकट थर दिसला किंवा सुरू केल्यावर पांढरा धूर थांबतच नसेल, तर कूलंटचे पाणी ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असेच धरून तेवढी रक्कम सौद्यातून कमी करून घ्यावी. ऑटोमॅटिक गिअर तीनच आहेत, त्यामुळे मोटरवेवर इंजिन चढ्या फेऱ्यांवर ओरडत राहते. लंडनला जाऊन येणे होते, मी नियमाने करतो, पण डाव्या लेनमधून आणि बाकीच्यांची घाई मनावर न घेता. पेट्रोल ई५ दर्जाचे, म्हणजे कमी इथेनॉलचे, भरावे. इथे साधे पेट्रोल २०२१ पासून ई१० झाले आहे आणि एवढ्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवेलच असे नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. या गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. एकट्याने गावातून जाण्यासाठी मी ती बिनघोर वापरतो, पण नातवंडाला घेऊन जायचे असेल तेव्हा दुसरी गाडी काढतो. आपणही तसेच करावे अशी विनंती आहे.

योकोहामाकर

वरचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. पत्रा आधी पाहावा हा सल्ला का बरोबर आहे, याचे मूळ ही गाडी कशी जन्मली त्यात आहे, म्हणून तेवढी भर घालतो. मी नोकरीनिमित्त सतरा वर्षे योकोहामात आहे आणि या गाड्यांचा मला फार लळा आहे.

पुष्कळ लोक फिगारोला ‘के कार’ (जपानमधला सर्वांत छोट्या गाड्यांचा वर्ग) म्हणतात, ते बरोबर नाही. १९९० मध्ये के वर्गाची मर्यादा ६६० सीसी झाली होती आणि फिगारोचे इंजिन जवळजवळ एक लिटरचे आहे, लांबीही ३.७४ मीटर आहे. आकाराने आणि स्वभावाने ती गावात फिरायची गाडी आहे एवढे मात्र खरे.

ऐंशीच्या दशकात जपानी गाड्या विश्वासार्ह पण एका साच्यातून काढल्यासारख्या होऊ लागल्या होत्या. त्या वेळी निसानने मार्चच्या सांगाड्यावर वेगळ्याच चेहऱ्याची गाडी करून पाहिली. बी-१ असे तिचे नाव होते. नाओकी साकाई हे त्या कल्पनेमागचे प्रमुख नाव, आणि ते मूळचे मोटार उद्योगातले नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ही गाडी १९८५ च्या टोकियो मोटर शोमध्ये लोकांनी डोक्यावर घेतली आणि १९८७ मध्ये दहा हजार गाड्या विकायला काढल्या, त्या हातोहात गेल्या. पुढे १९८९ मध्ये पाओ आली. तिच्यासाठी संख्येची अट न घालता तीन महिने नोंदणी खुली ठेवली, तर पन्नास हजारांहून अधिक मागण्या आल्या. त्याच वर्षी एस-कार्गो ही गोगलगायीच्या आकाराची छोटी मालवाहू गाडीही आली. तिच्या नावातच फ्रेंच भाषेतली गोगलगाय आहे.

फिगारो ही या घराण्यातली शेवटची. १९८९ च्या टोकियो शोमध्ये ती दाखवली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत विक्रीला आली, किंमत १८ लाख ७० हजार येन. आधी आठ हजारच गाड्या करायचे ठरले होते, पण मागणी इतकी आली की संख्या वीस हजारांवर न्यावी लागली आणि गाडी कोणाला मिळणार हे सोडतीने ठरवावे लागले. रंग चारच होते: हिरवा, फिकट निळसर, करडा आणि मातकट पिवळसर, एकेका ऋतूचा एकेक रंग अशी ती योजना होती. तोवर जपानच्या शेअर बाजाराचा फुगा फुटू लागला होता. सुबत्तेच्या ज्या दिवसांत एवढी हौस करणे मोठ्या कंपनीला परवडत होते, ते दिवस ही गाडी लोकांच्या हाती पडेपर्यंत सरले होते.

या गाड्या मार्चच्या मोठ्या उत्पादन साखळीवर जोडल्या गेल्या नाहीत. ताकादा कोग्यो या कंपनीकडे त्यांचे काम दिले होते आणि तिथे हाताने करायच्या कामाचे प्रमाण बरेच होते. छोट्या संख्येसाठी केलेले पत्र्याचे साचे पुढे वर्षानुवर्षे कोणी चालवत नाही. चाफेकळीताई, आपल्यासमोर उभ्या असलेल्या गाडीतला आतला अर्धा भाग लाखोंनी बनलेल्या गाडीचा आहे आणि बाहेरचा अर्धा एकदाच घडलेला आहे. पहिला मिळत राहील, दुसरा आहे तेवढाच सांभाळायचा आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मूळचा जुन्या धाटणीचा रेडिओ शाबूत असेल तर तो काढून नवा बसवू नये. तो तिथे बीबीसीची बरीचशी केंद्रे पकडणार नाही, कारण आमच्याकडचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा होता आणि तुमचा ८७.५ पासून पुढचा आहे. पण एरियलच्या वायरला लावायचा एक छोटा परिवर्तक मिळतो, त्याने काम भागते.

मोगरा_हॅरो

चाफेकळी, तू महिन्यातून एकदोनदा लंडनला जाणार आहेस म्हणून लिहिते. मी फिगारो सात वर्षे वापरली आणि शेवटी जड अंतःकरणाने विकली, ती गाडी वाईट होती म्हणून नव्हे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचा कमी प्रदूषणाचा पट्टा सगळ्या बरोंना (लंडनच्या प्रशासकीय विभागांना) लागू झाला आणि आमचे हॅरो त्यात आले. जी पेट्रोल गाडी युरो ४ च्या प्रदूषण निकषात बसत नाही, तिला त्या पट्ट्यात चालवल्याच्या प्रत्येक दिवसाला साडेबारा पौंड पडतात. मला रोज दळण आणायलासुद्धा गाडी काढायची म्हटले की साडेबारा पौंड मोजावे लागत होते. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या ऐतिहासिक गाड्यांना सूट आहे, पण १९९१ ची गाडी २०३१ च्या आधी त्यात बसत नाही.

तुझे घर पट्ट्याच्या बाहेर आहे, त्यामुळे तुला रोजचा भुर्दंड नाही. तरी गाडी घेण्याआधी तिचा नंबर लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघ. दुसऱ्या कोणाच्या फिगारोवरून अंदाज बांधू नकोस. लेक पट्ट्याच्या आत राहत असेल तर महिन्याला पंचवीस पौंड गृहीत धर, नाहीतर रेल्वेने जा.

विमा घेताना साधा न घेता, गाडीची किंमत आधी ठरवून देणारा जुन्या गाड्यांचा विमा माग. आणि रोज शाळेत जाणार असशील तर ते आधीच सांग, कारण काही पॉलिसींत नोकरीच्या ठिकाणी नेण्याची परवानगी नसते.

नळस्टॉप (पुणे)

विषय वाचून राहवले नाही. पुण्यात अशी गाडी आणता येईल का? स्टिअरिंग उजवीकडेच आहे, आणि भारतात निसानची मायक्रा विकली गेली होती, तेव्हा तिचे भाग बसतील असे वाटते.

रॅम्पवाला (कोव्हेंट्री)

नळस्टॉप, दोन्ही बाबतीत उत्तर नाही असेच आहे. भारतात वापरलेली मोटारगाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. विंटेज म्हणून सूट मिळावी इतकी ही गाडी जुनी नाही, म्हणजे ती दोन्हीकडून मधेच अडकते. आणि २०१० पासून चेन्नईजवळ बनलेली मायक्रा ही चौथ्या पिढीची, संपूर्ण वेगळी गाडी आहे. १९८२ च्या पिढीशी तिचे फक्त नावाचे नाते आहे. फिगारोची चाके बारा इंचांची आहेत, आपल्या मारुती ८०० सारखी. गाडीखाली वाकलो की मला तेवढी एक गोष्ट घरची वाटते.

चाफेकळी (रेडिंग, इंग्लंड)

सर्वांचे मनापासून आभार. आज शनिवारी पुन्हा जाऊन आले, पाण्याची बाटली, चुंबक आणि शेजारचे एक निवृत्त मेकॅनिक काका यांना सोबत घेऊन.

मोगराताई, नंबर टाकून पाहिला. पैसे पडतील असेच उत्तर आले. लेकीकडे रेल्वेने जायचे ठरवले आहे.

पन्हळीत पाणी ओतले. उजवीकडून टपटप खाली आले, डावीकडून आलेच नाही. डाव्या बाजूचे मागचे कार्पेट उचलले तर फेल्ट ओलसर लागले, पण वास नव्हता, आणि काकांनी पेचकसाच्या दांड्याने खालचा पत्रा ठोकून पाहिला तर आवाज खणखणीत आला. त्यांच्या मते पाणी नुकतेच मुरू लागले आहे, पत्रा अजून खाल्लेला नाही. डाव्या मागच्या कमानीवर मात्र चार बोटे जागेत चुंबक धरत नाही. एमओटीच्या इतिहासात पाच वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी गंजाची सूचना आहे आणि पुढच्या वर्षी ती नाही. पावती मागितली तर विक्रेत्याने आधीच्या मालकाकडे बोट दाखवले. रंगवण्याआधीचे फोटो नाहीत, पण सोमवारी रॅम्पवर चढवून काही ठिकाणचे लेपन खरवडून दाखवायला तो तयार झाला आहे. इंजिन गार होते, झाकणाखाली साय नव्हती, धूर दोन मिनिटांत थांबला. टायमिंग बेल्टची पावती २०१९ ची आहे.

रॅम्पवालादादा, सोमवारी नेमके कुठे खरवडायला सांगू?

रॅम्पवाला (कोव्हेंट्री)

चार जागा सांगतो. दोन्ही सिलचा मागचा टोकाकडचा वीतभर भाग, जिथे तो चाकाच्या कमानीला मिळतो. डाव्या कमानीची आतली बाजू, चाक काढून. बाहेरची पुट्टी चालेल, पण आतला पत्रा अखंड हवा. जॅक लावायच्या जागा, कारण तिथला पत्रा नरम असेल तर गाडी उचलतानाच तो आत दबतो आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावरही दिसतो. आणि डाव्या पन्हळीची नळी खाली जिथे बाहेर पडते ते तोंड. तिथून जाड वायर नव्हे, मऊ प्लॅस्टिकची तार वर घालायला सांगा, म्हणजे नळी फाटणार नाही. बहुधा पानांचा लगदा निघेल.

बेल्ट २०१९ चा असेल तर बदलायला आला आहे, तो आणि त्याच्यासोबत वॉटर पंपही धरा. कमानीचा आतला पत्रा अखंड निघाला तर या दोन कामांचे पैसे वजा करून गाडी घ्यावी, असे मी म्हणेन. आतून चाळण निघाली तर काका सोबत आहेतच, त्यांच्याबरोबर चहा घेऊन घरी या. हाच रंग पुन्हा मिळेल.